फोन तोच, नंबर तोच. लाईट गेली की मात्र मुका

गेल्या जुलैत खानापूर तालुक्याला पावसाने झोडपून काढलं, तेव्हा जांबोटीच्या पुढे राहणाऱ्या माझ्या आत्याच्या घरी सलग दोन दिवस लाईट नव्हती. त्यात नवल नाही. त्या भागात पावसाळ्यात झाड पडतं, तार तुटते, लाईनमन चिखल तुडवत येतो आणि मग कधीतरी लाईट येते. नवल दुसरंच होतं. आत्याचा घरचा फोन लागत नव्हता. मोबाईलची रेंज तिच्या घरात कधीच धड नसते. अंगणाच्या कोपऱ्यात फणसाखाली उभं राहिलं तर एखादी काडी येते. म्हणूनच तर गावात बाकीच्यांनी लँडलाईन काढून टाकली तरी तिने काढली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी पुण्याहून आतेभावाचा मला फोन आला, "आई दोन दिवस उचलत नाही, जरा बघून येशील काय?" बेळगावहून गाडी काढून गेलो. आत्या ठणठणीत, चुलीपुढे बसलेली. मला बघून उलट तीच घाबरली, असा अचानक का आला म्हणून. मग म्हणाली, "फोन मेलाय की रे परवापासनं. उचलला की नुसता गप्प. आधी लाईट नसली तरी फोन असायचा बघ. आता लाईट गेली की ह्यो बी जातोय."

घटना एवढीच. कुणाचं काही वाईट झालं नाही. पण आत्याने जे एका वाक्यात सांगितलं, ते आज सीमाभागात, गोव्यात, इंदूर-बडोद्यात, जिथे जिथे घरातला फोन अजून टिकून आहे तिथे सगळीकडे घडतंय, आणि त्याबद्दल कुणी कुणाला सांगत नाही.

आत्याच्या घरी चार महिन्यांपूर्वी जुनी तांब्याची तार काढून फायबर टाकली होती. माणूस आला, भिंतीवर पांढरा डबा बसवला, आत्याचा जुनाच लाल फोन त्या डब्याला जोडला. "काकू, नंबर तोच राहणार, बिल जवळपास तेवढंच, वर नेट मिळणार," असं सांगून गेला. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. फक्त एक वाक्य सांगायचं राहिलं. तुमचा फोन आता टेलिफोनच्या तारेवर नाही, इंटरनेटवर चालतो, आणि त्याला लागणारी वीज यापुढे तुम्ही पुरवायची आहे.

वीज कुठून यायची?

जुन्या फोनला भिंतीतल्या लाईटच्या प्लगची गरज नसते हे आपल्या कधी लक्षातच आलं नाही. कारण त्याची वीज त्याच दोन बारीक तारांतून यायची. एक्सचेंजमध्ये बॅटऱ्यांची मोठी रांग असते. ती ४८ व्होल्टचा डीसी प्रवाह तांब्याच्या जोडीतून प्रत्येक घरापर्यंत पोचवते. गावची लाईट गेली तरी एक्सचेंजच्या बॅटऱ्या आणि त्यांच्या मागचा डिझेल जनरेटर चालू असेपर्यंत तुमचा फोन जिवंत. रिसीव्हर उचलल्यावर येणारी ती 'घर्र' म्हणजे चार-पाच किलोमीटरवरच्या बॅटरीची खूण होती म्हणा ना.

फायबर म्हणजे काच. काचेतून प्रकाश जातो, वीज जात नाही. त्यामुळे घरात एक डबा लागतो. कंपन्या त्याला ओएनटी म्हणतात, आपण सगळे मोडेम म्हणतो. त्याच्या मागे नेटच्या मोठ्या खाचांशेजारी एक लहान खाच असते, तिच्यावर 'टेल' किंवा 'पॉट्स' लिहिलेलं असतं. जुना फोन तिथे लागतो. फोनला वाटतं आपण एक्सचेंजलाच जोडलेलो आहोत. डबाच त्याला डायल टोन देतो, डबाच घंटी वाजवतो. तुम्ही बोललात की आवाजाचं आकड्यांत रूपांतर करून, सेकंदाला साधारण ५० छोट्या पुड्या बांधून तो त्या पाठवत राहतो. पलीकडे त्या पुड्या सोडून पुन्हा आवाज होतो. व्हॉट्सॲपवर जे होतं तेच हे, पण एक मोठा फरक आहे. व्हॉट्सॲपचा कॉल सगळ्या गर्दीबरोबर उघड्या इंटरनेटवरून जातो. फायबरवरच्या घरच्या फोनचा आवाज कंपनीच्या स्वतःच्या जाळ्यातून, वेगळ्या राखून ठेवलेल्या वाटेने जातो. म्हणून घरात पोरं सिनेमा बघत असली तरी सहसा आवाज तुटत नाही आणि तुमचा डेटाही खर्च होत नाही.

ही सोय वाईट नाही. उलट चांगल्यापैकी आहे. तांब्याच्या तारेचे गोडवे गाणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, पावसाळ्यात तुमचा फोन किती आठवडे डेड असायचा ते आठवतं का? खांबावरच्या पेटीत पाणी शिरलं की सगळ्या गल्लीचे फोन खरखरायचे. रस्ता रुंदीकरणात जेसीबीने केबल तोडली की महिनाभर निवांत. तांब्याच्या चोऱ्या वेगळ्याच. बोलणं चालू असताना मध्येच तिसऱ्याच कुणाच्या सोयरिकीच्या गप्पा ऐकू यायच्या ते वेगळं. फायबरवर आवाज स्वच्छ येतो, पावसाचा त्रास कमी, आणि त्याच एका तारेवर नेटही चालतं.

लोकांनाही ते पटलेलं दिसतं. ऑगस्ट २०२२ मध्ये ट्रायच्या आकडेवारीत पहिल्यांदाच असं झालं की तारेवरच्या फोनमध्ये जिओने बीएसएनएलला मागे टाकलं. ज्या कंपनीने घरोघरी तांब्याची जोडी कधी टाकलीच नाही, ती लँडलाईनमध्ये देशात पहिली. म्हणजेच आज ज्याला आपण लँडलाईन म्हणतो तिच्यातला मोठा वाटा हा इंटरनेट कॉलिंगचाच आहे, फक्त ते नाव कुणी घेत नाही.

कोड लावायचे दिवस

सीमाभागातल्या माणसाला या बदलाचं मोल जास्त कळतं. बेळगावपासून शिनोळी हाकेच्या अंतरावर. पण शिनोळी चंदगड तालुक्यात, म्हणून तिथला कोड ०२३२० आणि आपला ०८३१. निपाणीहून कागलला दुधाची गाडी पाऊण तासात जाऊन येते, पण फोन लावायचा तर आधी शून्य, मग कोड, मग नंबर. ज्यांची सोयरीक कोल्हापुरात, शेत चंदगडात, दुकान बेळगावात आणि पोरगी गोव्यात दिलेली, त्यांच्या फोनशेजारच्या वहीत पहिलं पान कोडचंच असायचं. रात्री अकरानंतर पाव दर लागतो म्हणून एसटीडी बूथबाहेर थांबलेली माणसं मी लहानपणी पाहिलीत. जानेवारी २००२ मध्ये दर उतरले, १ मार्च २००६ पासून बीएसएनएल-एमटीएनएलने देशभर एका रुपयात मिनीट दिलं, तेव्हा इंदूर-ग्वाल्हेरच्या नातेवाईकांशी मराठीत सावकाश बोलणं परवडायला लागलं. त्याआधी 'सगळे बरे आहेत ना, पत्र लिहितो' एवढ्यावर काम भागवायचं.

कोडची एक गंमत जाता जाता सांगतो. दूरसंचारच्या नकाशात गोवा हा महाराष्ट्र सर्कलचा भाग आहे. पण गोव्याचा कोड ०८३२, म्हणजे आपल्या ०८३१ ला लागून. सर्कल एकीकडे, नंबर दुसरीकडे. राज्यांच्या रेषा आणि तारांच्या रेषा कधीच एक नव्हत्या.

इंटरनेट कॉलिंगने हे सगळं पुसून टाकलं. पुडी बांधलेल्या आवाजाला शिनोळी काय आणि शिकागो काय, सारखंच. पण सरकारने ही वाट एकदम मोकळी केली नाही. १ एप्रिल २००२ पासून इंटरनेट टेलिफोनी कायदेशीर झाली, पण अर्धीच. कॉम्प्युटरवरून कॉम्प्युटरला बोला, कॉम्प्युटरवरून परदेशातल्या फोनला बोला, पण कॉम्प्युटरवरून भारतातल्या साध्या फोनला नाही. कारण उघड होतं. तसं झालं असतं तर एसटीडीची कमाई त्याच दिवशी बुडाली असती. ऑक्टोबर २०१७ मध्ये ट्रायने शिफारशी केल्या, जून २०१८ मध्ये दूरसंचार खात्याने परवान्यांच्या अटी सुधारल्या, आणि परवाना असलेल्या कंपनीला इंटरनेटवरून कुठल्याही फोनला कॉल द्यायची वाट मिळाली. त्याच वर्षी बीएसएनएलने वर्षाला १,०९९ रुपये आणि वर कर अशा दरात 'विंग्ज' नावाचं ॲप आणलं. वायफाय असेल तिथून बोला, मोबाईलचा टॉवर नसला तरी चालेल, अशी ती सोय.

(वाचकांना एक सावधगिरी. परदेशातून इंटरनेटवर आलेले कॉल परवान्याशिवाय इथल्या फोनच्या जाळ्यात सोडणं हा आजही गुन्हा आहे. 'तुमच्या खोलीत एक डबा ठेवतो, नेट तुमचं, महिन्याला भाडं देतो' असं कुणी म्हणत आलं तर त्याला दारातूनच परत पाठवा. असे डबे म्हणजे बेकायदा एक्सचेंज असू शकतं. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात परवान्याशिवाय सेवा चालवायला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटींपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. घर तुमचं असेल तर पोलीस आधी तुमच्याच दारात येणार.)

आता २०१७ च्या त्या शिफारशींतला एक मुद्दा बघा, कारण आत्याच्या फोनशी त्याचा थेट संबंध आहे. ट्रायने म्हटलं, इंटरनेट टेलिफोनीवरून आणीबाणीचे कॉल लागावेत म्हणून कंपन्यांना प्रोत्साहन द्यावं, पण सध्या सक्ती करू नये. मात्र या सेवेच्या मर्यादा ग्राहकाला सांगाव्यात. आवाजाच्या दर्जाचंही तसंच, तो बाजारावर सोडावा आणि ग्राहकाला माहिती द्यावी. म्हणजे सगळा भार शेवटी एकाच शब्दावर येतो: सांगावं. नियम ॲपवरच्या कॉलिंगला समोर ठेवून लिहिलेला होता हे मान्य. पण घरच्या फोनची तार बदलताना तरी कोण काय सांगतं? मी गेल्या वर्षभरात ओळखीच्या अकरा घरांत विचारलं, बेळगाव, खानापूर, चंदगड आणि एक म्हापशाला. फायबरवर आल्यावर लाईट गेली की फोन बंद पडेल, असं बसवणाऱ्याने आधी सांगितलं होतं असं एकच घर निघालं, आणि तिथे बसवणारा त्यांचा भाचाच होता.

बिघाड कोणाचा?

आत्याच्या घरून परत आल्यावर मी कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावला. कन्नडसाठी एक, इंग्रजीसाठी दोन, हिंदीसाठी तीन. मराठी नाही. कंपनी तीच, पण म्हापशातल्या मित्राने लावला तर मराठी मिळते, कारण तो महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये आणि आम्ही कर्नाटकात. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. हिंदीत बोललो. पलीकडचा मुलगा सभ्य होता. त्याने विचारलं, "घरी लाईट आहे का?" म्हटलं, नाही. "मग सर, हा फॉल्ट नाही. लाईट आली की आपोआप चालू होईल."

सगळा बदल या एका उत्तरात आहे. पूर्वी फोन बंद म्हणजे बंद, तो का बंद हे बघणं एक्सचेंजचं काम. आता लाईट नसल्याने बंद पडलेला फोन हा कंपनीच्या हिशेबी बंद पडलेलाच नाही. ट्रायने २०२४ मध्ये सेवेच्या दर्जाचे नवे नियम केले. त्यानुसार तारेवरच्या फोनचा किंवा ब्रॉडबँडचा बिघाड तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही तर ग्राहकाला भरपाई मिळायला हवी. चांगला नियम. पण आत्याच्या दोन दिवसांची त्यात मोजदादच नाही, आणि ते पाच दिवस झाले असते तरी झाली नसती, कारण बिघाडाची नोंदच घेतली नाही.

कुणी म्हणेल, एवढं काय, मोबाईल आहेत की. शहरात हे म्हणणं ठीक. पण ज्या घरात अजून लँडलाईन आहे तिथे ती बहुतेक दोन कारणांनी असते. एक तर फायबरबरोबर फुकट आलेली, जिचा नंबर घरच्यांनाही पाठ नसतो. नाहीतर मग आत्यासारखी, जिथे रेंज नाही, किंवा हात थरथरतो, किंवा डोळ्यांना मोबाईलचा पडदा दिसत नाही. पहिल्या घराला हा बदल जाणवतच नाही. दुसऱ्या घराला तोच जास्त नडतो. आणि लाईट जाते तेव्हाच मोबाईलचे टॉवरही धोक्यात असतात. ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवा. कोल्हापूरजवळ पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद होता, गावंच्या गावं अंधारात होती, टॉवरच्या बॅटऱ्या संपल्या की त्या भागातले मोबाईल गप्प. मे २०२१ च्या तौक्ते वादळात गोव्यात अनेक ठिकाणी असंच झालं. अशा वेळी तांब्याचा फोन हमखास चालायचा असं मी म्हणणार नाही, एक्सचेंजमध्येच पाणी शिरलं तर तोही गेला. पण मोबाईल आणि घरचा फोन या दोन वेगळ्या वाटा होत्या, दोन वेगळ्या ठिकाणच्या बॅटऱ्यांवर. आता घरातली वाट सगळ्यात आधी बंद होते, वारा सुटून लाईट गेली की त्याच क्षणी.

११२ चं तर सीमेवर आणखी वेगळं दुखणं आहे. ११२ ची यंत्रणा राज्याराज्यांची वेगळी. सीमेवरच्या गावात मोबाईल कधी पलीकडच्या राज्याचा टॉवर पकडतो, हे आपल्याला रोमिंगच्या दिवसांपासून माहीत आहे. तेव्हा घरात बसल्या बसल्या 'महाराष्ट्रात आपलं स्वागत आहे' असे मेसेज यायचे. अशा गावात मदतीचा कॉल दुसऱ्याच राज्याच्या केंद्रात जाण्याची शक्यता राहते. घरच्या फोनचा फायदा हा की त्याचा पत्ता ठरलेला. म्हणजे ज्या फोनचा पत्ता भरवशाचा आहे, तोच फोन वादळात बंद.

दुसरीकडे काय केलं

हा प्रश्न फक्त आपला नाही. ब्रिटनमध्ये जुनं तांब्याचं जाळं बंद करायची तारीख डिसेंबर २०२५ ठरली होती. तिथे बरीच वयस्कर माणसं गळ्यात एक बटण घालतात, पडली-झडली तर दाबायचं, ते घरच्या फोनवरून मदत केंद्राला कळवतं. इंटरनेट फोनवर आल्यावर काही घरांत ही बटणं चाललीच नाहीत. ओरड झाली. सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये कंपन्यांकडून लेखी हमी घेतली आणि तारीख जानेवारी २०२७ पर्यंत पुढे गेली. शिवाय ज्यांना घरच्या फोनशिवाय दुसरा मार्ग नाही, त्यांना लाईट गेल्यावर निदान एक तास आणीबाणीचा कॉल करता येईल अशी सोय कंपनीने फुकट करून द्यायची, असं तिथल्या नियामकाचं म्हणणं आहे. अमेरिकेत २०१५ मध्ये नियम झाला की इंटरनेटवरचा घरचा फोन देणाऱ्या कंपनीने ग्राहकाला आठ तास चालणारी बॅटरी विकत घ्यायचा पर्याय द्यावा, पुढे तो २४ तासांवर नेला. बॅटरी फुकट नव्हती, पण २०२५ पर्यंत विचारणं बंधनकारक होतं.

आपल्याकडे डबा मिळतो, अडॅप्टर मिळतो, नमस्कार.

तेव्हा सध्या तरी आपणच बघायचं. घरात इन्व्हर्टर असेल तर आधी फायबरचा डबा इन्व्हर्टरच्या पॉइंटला आहे का ते तपासा. मी पाहिलेल्या निम्म्या घरांत पंखा आणि टीव्ही इन्व्हर्टरवर, आणि डबा मात्र कपाटामागच्या साध्या प्लगला. इन्व्हर्टर नसेल तर राऊटरसाठीचा मिनी यूपीएस बाजारात हजार-दोन हजारांत मिळतो, मॉडेलप्रमाणे तीन-चार तास निघतात. घेताना डब्याच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिलंय ते बघून, त्याचा फोटो काढूनच दुकानात जा. बहुतेक डबे १२ व्होल्टचे असतात, पण सगळे नसतात, आणि चुकीचा लावला तर डबा जळतो. फोन साधा, वेटोळ्या वायरचा ठेवा. कॉर्डलेस फोनच्या बैठकीला स्वतःची लाईट लागते, म्हणजे डब्याला बॅटरी दिली तरी तो बंदच. खूप जुना, बोटाने चकती फिरवायचा फोन हौसेने जपला असेल तर त्याची घंटी कदाचित वाजेल, पण पुष्कळ डब्यांना त्याचं डायलिंग कळत नाही.

घरात पूर्वीचं वायरिंग असेल, माजघरात एक, वरच्या खोलीत एक असे फोन असतील, तर डब्याच्या टेल खाचेतून त्याच वायरिंगला जोड देता येतो. सगळे फोन पूर्वीसारखे वाजतात. पण त्याआधी बाहेरून येणारी जुनी तांब्याची जोडी पूर्ण तोडलेली हवी. ती तशीच राहिली आणि तिच्यात एक्सचेंजची वीज असली तर डब्याची खाच कामातून जाते. हे काम ओळखीच्या टेलिफोनवाल्याकडूनच करून घ्या. जुन्या सोसायट्यांच्या सेक्रेटरींनी लिफ्टमधला फोन, दुकानदारांनी चोर-घंटी आणि दवाखान्यांनी फॅक्स चालू आहे का ते स्वतः वाजवून बघावं, कारण ही यंत्रं तांब्याच्या तारेसाठी बनलेली असतात आणि इंटरनेट फोनवर ती कधी चालतात, कधी नाही.

तक्रार केलीत तर डॉकेट नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. 'फॉल्ट नाही' म्हणाले तरी नोंद करा म्हणून सांगा. उत्तर पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत दाद मागता येते, आणि ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. किती लोक करतात? मीही पहिल्यांदाच केलं.

नंबरचाही एक बदल वाटेवर आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रायने शिफारस केली की घरच्या फोनचे नंबर तालुक्या-शहराच्या कोडऐवजी सर्कलच्या हिशेबाने दहा आकडी करावेत, आणि एका लँडलाईनवरून दुसऱ्या लँडलाईनला, शेजारच्या घरात लावायचा असला तरी, शून्य आणि कोड लावूनच डायल करावं. आहेत ते नंबर बदलणार नाहीत. इंटरनेट फोनच्या काळात हे तर्काला धरून आहे, कारण पुडीला गाव नसतं. पण ०८३१ म्हटलं की बेळगाव, ०७३१ म्हटलं की इंदूर, ०२६५ म्हटलं की बडोदा, ही ओळख पुढे पुसट होत जाणार. मोबाईलने ती आधीच पुसली. पण आत्यासारख्यांना शेजारी फोन लावायलाही शून्य आणि कोड फिरवावा लागेल, तेव्हा पुन्हा कुणीतरी 'आधी सांगायला हवं' हे विसरणार असं मला आत्ताच दिसतंय.

आत्याच्या घरी ऑगस्टमध्ये आम्ही मिनी यूपीएस बसवला. आतेभावाने पुण्याहून पाठवला, मी नेऊन जोडला. लाईट बंद करून बघितली, डायल टोन आला, पुण्याला फोन लावला, आत्या खूश. गणपतीच्या आधी पुन्हा एकदा रात्रभर लाईट गेली. या वेळी फोन तासभर चालला आणि बंद. यूपीएसवरचा हिरवा दिवा पेटलेलाच होता, डबाही चालू होता, पण त्याच्यावर लाल दिवा.

शोध घेतला तेव्हा कळलं, आत्याची फायबर थेट एक्सचेंजला जात नाही. ती जाते पलीकडच्या गावातल्या एका फ्रँचायझीवाल्याच्या दुकानात. तिथे मोठं यंत्र आहे, त्याला ओएलटी म्हणतात, आसपासच्या गावांतली सगळी घरं त्याच्यावर. त्या यंत्राला इन्व्हर्टर आहे, पण बॅटरी जुनी, तासाभरात मान टाकते. दुकानदार म्हणाला, "नवीन बॅटरीला पंधरा हजार लागतात, कंपनीकडं मागितलेत. तोवर मी माझ्या खिशातनं घालू काय?"

त्यालाही मी चूक म्हणू शकलो नाही. तक्रार पुन्हा नोंदवली आहे, या वेळी ओएलटीच्या बॅटरीची, डॉकेट नंबर घेऊन. तुमच्या गावात फायबर कुठल्या दुकानात किंवा कुठल्या ग्रामपंचायतीच्या खोलीत जाते आणि तिथली बॅटरी किती तास चालते, हे जाऊन एकदा विचारा. आम्हालाही कळवा. खानापूर आणि चंदगड दोन्ही तालुक्यांतली गाववार माहिती आम्ही गोळा करतो आहोत.